बेकरीच्या जिन्यावरून मालदीवला

किस्से मुद्दाम गोळा करायला निघालं तर एकही सापडत नाही. पण चार माणसं आठवड्यातून दोनदा एका खोलीत बसायला लागली आणि त्यातल्या तिघांना परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं असलं, की किस्से आपणहून दारात चपला काढून आत येतात! मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे. त्या दिवसांत चाराच्या चाळीस व्हायच्या. "आज काय लिहिणार, ताई?" असं दिगंबर क्लास सुटताना विचारायचा, आणि मी म्हणायची, "तुझंच!"

आता सगळं मार्गी लागलंय म्हणून हे हसत सांगता येतंय. 

खोली हर्सूलला, एका बेकरीच्या वर. खोली निसार सरांची. सरांनी आयुष्यभर कॉलेजात फारसी आणि इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग काढला: ज्यांना परदेशातल्या शाळांत इंग्रजी शिकवायला जायचंय, त्यांना तयार करायचं. नुसतं 'एकदा जाऊन येऊ' असं म्हणणाऱ्यांना सर जिन्यावरूनच परत पाठवायचे. "सैर करनी है तो दौलताबाद जाओ. इधर वो आना, जिसको इसी काम में उमर निकालनी है!"

उमर काढायला तयार असलेले आम्ही तिघं. दिगंबर फुलंब्रीचा, तिशीतला, तिथल्याच एका शाळेत शिक्षक. शहाना खुलताबादची, एम. ए. इंग्लिश, वडिलांचं दर्ग्याच्या रस्त्यावर फुलांचं दुकान. आणि मी मंजुषा, सिडकोत राहणारी, पंचेचाळिशी ओलांडलेली. मराठी शाळेत शिकले, इंग्रजी नंतर माझी मीच शिकले आणि एका विनाअनुदानित शाळेत तेच शिकवत आले. आमची शाळा दर एप्रिलला निरोपाचं पत्र देते आणि दर जूनला परत बोलावते. इतक्या वर्षांत एक उन्हाळा असा गेला नाही, की जूनची काळजी केली नाही.

म्हणून मला वर्षावर मोजली जाणार नाही अशी नोकरी हवी होती. मालदीवमधल्या एका बेटावरच्या शाळेची जाहिरात सरांनीच दाखवली. एक वर्षाचा करार केला तर एकटीला खोली, पाच वर्षांचा केला तर कुटुंबाला घर. माझं कुटुंब म्हणजे सासूबाई. मिस्टर गेल्यापासून आम्ही दोघीच. आणि सासूबाईंचं म्हणणं एकच, "तू वर्षभर जाऊन ये. मी इथंच बरी. त्या बेटावर माझं कोण आहे? समुद्राशी गप्पा मारू का?"

त्यांना एकटं ठेवून मी वर्षभरसुद्धा गेले नसते, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

*

क्लासचा पहिला दिवस. आम्ही तिघं वह्या उघडून बसलो. सर आले, खुर्ची ओढली, खिशातलं पेन वर धरलं आणि म्हणाले, "ईन चीस्त?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"ईन कलम अस्त," सरच म्हणाले. मग पुस्तक उचललं. "ईन चीस्त?"

शहाना हळूच हसली. घरात उर्दू, त्यामुळं कलम-किताब तिला ओळखीचं. सरांनी बोटानंच तिला दटावलं आणि पुढं चालू. खिडकी, दार, खुर्ची, उठा, बसा, इकडं या, तिकडं जा, सगळं फारसीत. ना मराठी, ना हिंदी, ना इंग्रजी! दिगंबरला त्यांनी उभं केलं, फळ्याकडं हात दाखवला आणि काहीतरी आज्ञा सोडली. दिगंबर फळ्यापाशी गेला, त्यानं फळा स्वच्छ पुसला आणि परत येऊन बसला. सरांनी कपाळाला हात लावला. फळ्यावर आपलं नाव लिहायला सांगितलं होतं!

खालच्या बेकरीत त्याच वेळी भट्टी उघडली असावी. ताज्या नानखटाईचा वास जिन्यानं वर यायला लागला. फारसी चालूच.

अर्ध्या तासानं सर थांबले आणि मराठीत म्हणाले, "आता सांगा. ज्या मुलाला आपली भाषा येत नाही, त्याच्यासमोर आपण बोलतो तेव्हा त्याला कसं वाटतं, ते समजावं म्हणून हे केलं. कसं वाटलं?"

शहाना म्हणाली, "एकटं वाटलं, सर." मी म्हटलं, "आपण मूर्ख आहोत असं वाटलं."

सरांनी समाधानानं मान हलवली. "दिगंबर, तुम?"

दिगंबर उभा राहिला. "सर, आठ वर्षं झाली मला शिकवायला लागून. माझ्या तासाला पोरं दारातून बाहेर का बघत राहतात, ते आज कळलं."

"क्यों?"

"लई भूक लागती!"

*

मुलाखतीची पहिली पाळी दिगंबरवर आली. कंबोडियातली शाळा, व्हिडिओ कॉलवर मुलाखत. फुलंब्रीत नेटचा भरवसा नाही, म्हणून त्यानं ती सरांच्या खोलीतून दिली. मी आणि शहाना कोपऱ्यात, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बसलो.

तयारी जोरात होती. नवा शर्ट, टाय, मागे जगाचा नकाशा. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून सरांनी स्वतः मापून दिला: चेहरा बरोबर मध्ये, डोक्यावर थोडी जागा.

कॉल लागला. पडद्यावर एक तरुण माणूस आला. दिगंबर सुरेख बोलायला लागला. आम्ही दोघी एकमेकींचा हात दाबून बसलो.

तेवढ्यात पडद्यावर दुसरी खिडकी उघडली आणि एक वयस्कर बाई दिसल्या. तो तरुण म्हणाला, "आमच्या मुख्याध्यापिका."

दिगंबर ताडकन उभा राहिला!

मुख्याध्यापक वर्गात आले की उभं राहायचं, हे अंगात भिनलेलं. पण लॅपटॉप जागचा हलला नाही. कंबोडियाला आता दिगंबरचा फक्त टाय दिसत होता आणि त्याखाली पट्टा. टायच म्हणाला, "गुड मॉर्निंग, मॅडम!"

"प्लीज, बसा," मॅडम म्हणाल्या. दिगंबर बसला. चेहरा परत आला.

दोन प्रश्न झाले. तिसरी खिडकी उघडली. शाळेचे संचालक. दिगंबर परत उभा! परत टाय, परत पट्टा. सर कोपऱ्यातून दोन्ही हातांनी खाली बस, खाली बस करतायत आणि हा मान खाली घालून संचालकांच्या 'बसा'ची वाट बघतोय.

मग संचालकांचं नेट गेलं. ते परत आले. दिगंबर परत उभा!

कॉल संपल्यावर सरांनी लॅपटॉप मिटला. मग एवढंच म्हणाले, "दिगंबर मियां, उन्होंने तुम्हारा चेहरा देखा की नहीं, खुदा जाने!"

आठवड्यानं मेल आला. निवड झाली होती. मेलच्या शेवटी मॅडमनी लिहिलं होतं, 'आमच्या मुलांना आदर म्हणजे काय ते शिकवणारा शिक्षक आम्हाला हवा होता.'

दिगंबर मेल वाचायला उभा होता की बसलेला, ते लिहून ठेवायचं राहिलं.

*

शहानाची गोष्ट कागदपत्रांवर अडली. ओमानच्या शाळेतल्या बाईंनी तिची सगळी कागदपत्रं तपासली आणि फोन केला. शहानानं स्पीकर लावला, आम्ही ऐकत होतो.

"तुमचा जन्म औरंगाबादचा," बाई म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"आणि आताचा पत्ता छत्रपती संभाजीनगर जिल्हा."

"हो, मॅडम."

"छान! म्हणजे तुम्ही एकदा गाव बदललेलं आहे. आमच्याकडे पुष्कळ शिक्षक येतात आणि नव्या जागी त्यांचं मन लागत नाही. चार महिन्यांत परत जातात. तुम्हाला त्या वेळी जड गेलं का?"

शहाना समजावून सांगेल असं आम्हाला वाटलं. सरांनी तर तोंड उघडलंही होतं. पण शहाना खुलताबादची! तिनं एक सेकंदसुद्धा घालवला नाही.

"अजिबात नाही, मॅडम. शेजारीपाजारी सगळे माझ्यासोबतच आले."

दिगंबर तोंडावर रुमाल दाबून जिन्यात पळाला. बाईंनी परत विचारलं,

"सगळे?"

"सगळे, मॅडम. आमचा दूधवालासुद्धा!"

मग तिनं काय झालंय ते नीट सांगितलं आणि बाई खो खो हसल्या. शहानाला तीन वर्षांचं बोलावणं आलं. जाताना अब्बांनी दुकानातला गुलाबांचा सगळ्यात मोठा हार तिच्या गळ्यात घातला. विमानतळावर लोकांना वाटलं, निवडणूक जिंकून चाललीय.

*

राहिले मी.

मालदीवच्या शाळेनं मला दोन अटी घातल्या. एक, इंग्रजी न येणाऱ्या मुलांना पंधरा मिनिटं शिकवून दाखवा, आम्ही व्हिडिओवर बघू. दोन, मुलं आधी पढवलेली नकोत.

माझ्या शाळेतली मुलं इंग्रजी माध्यमाची, ती चालणार नव्हती. दिगंबरची कंबोडियाला निघायची तयारी चाललेली, तरी तो म्हणाला, "ताई, माझा वर्ग घ्या. पाचवी. लई गुणी पोरं हायती. मी काय म्हणजे काय सांगणार नाय त्यांना."

आणि त्यानं खरंच काही सांगितलं नाही. मी फुलंब्रीला गेले, मोबाइल खिडकीत उभा केला, कॉल लावला. पडद्यावर मालदीवच्या दोन शिक्षिका. मी बाजारातला धडा घेतला. पिशवीतून कांदा काढला, वांगं काढलं, लिंबू काढलं. मराठीचा एक शब्द नाही. मुलं रंगून गेली. मग मी लिंबू वर धरून इंग्रजीत विचारलं, "हे काय आहे?"

सगळ्या वर्गाचे हात वर! एकही खाली नाही. मला भरून आलं. पडद्यावरच्या बायकाही पुढं सरकून बघायला लागल्या.

मी मधल्या रांगेतल्या एका मुलीला खूण केली. ती उठली आणि माझ्याकडं नुसतं बघत राहिली. हात तसाच वर.

मी लिंबू जरा तिच्याजवळ नेलं, हसून परत विचारलं. ती कावरीबावरी झाली. तिनं दिगंबर सरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मॅडम, माझा डावा हाय ना!"

मला काही कळेना. दिगंबर मात्र भिंतीकडं तोंड करून उभा होता.

झालं असं होतं, की तपासणीला साहेब आले की काय करायचं, हे त्या पोरांना पहिलीपासून माहीत. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसतो आणि शिक्षक फक्त उजव्या हातांना विचारतात! मोबाइल दिसला, पडद्यात कुणीतरी बसलेलं दिसलं, पोरं आपणहून कामाला लागली.

आता लपवून काय करणार? मी त्या दोघी शिक्षिकांना जसंच्या तसं सांगितलं. त्या एकमेकींशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मला वाटलं, संपलं.

मग त्यातली एक म्हणाली, "आता फक्त डाव्या हातांना शिकवून दाखवा."

पंधराची पस्तीस मिनिटं झाली. शेवटी ती मधल्या रांगेतली मुलगी बाकावर चढून उभी राहिली आणि उजवा हात पडद्याबाहेर जाईल इतका उंच केला.

*

ही पायरी पार झाल्यावर सरांना वाटलं, आता घरचा प्रश्न आपणच सोडवावा. "मैं बात करता हूँ अम्मा से. मी अख्ख्या कॉलेजला समजावलंय."

रविवारी सकाळी सर इस्त्रीची शेरवानी घालून आमच्या घरी आले. सासूबाईंनी शंकरपाळे काढले, चहा टाकला. सरांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. परदेशातला अनुभव, माणसाची उन्नती, मंजुषाची मेहनत, बेटावरची स्वच्छ हवा. बोलणं इतकं गोड, की मीच दोनदा मान डोलावली.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, तुम्हाला कधी बोलावणं आलं नव्हतं का परदेशाचं?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "आलं होतं. कुवेतचं. जवान था मैं तब."

"मग?"

"आमच्या अम्मीनं नाही म्हटलं."

"आणि तुम्ही ऐकलं?"

"अम्मी की बात थी. कैसे नहीं सुनता?"

सासूबाईंनी शंकरपाळ्यांची बशी त्यांच्याकडं सरकवली. "मग? काही वाईट झालं तुमचं?"

सरांनी एक शंकरपाळा उचलला, तो पूर्ण खाल्ला, दुसरा उचलला, तोही खाल्ला. मग चहा संपवला, सासूबाईंना आदाब केला आणि उठले. मी फाटकापर्यंत सोडायला गेले.

"सर, बोला ना काहीतरी!"

"क्या बोलूँ?" सर म्हणाले. "तुझ्या सासूबाईंना माझ्या क्लासला पाठव. त्या मला शिकवतील."

*

पुढची पायरी म्हणजे सध्याच्या शाळेची शिफारस. मालदीवची शाळा थेट आमच्या हेडसरांना फोन करणार होती. मी हेडसरांना आधी सांगून ठेवलं, त्यांनी "हो हो, उत्तम सांगतो" म्हटलं, आणि पुढं स्नेहसंमेलनाच्या गडबडीत ते विसरून गेले.

दोन दिवसांनी मालदीवहून मेल आला. मी तो तीनदा वाचला. 'तुमच्या मुख्याध्यापकांशी बोलणं झालं. ते म्हणाले, मी अशा कोणत्याही बाईला ओळखत नाही.'

मी तशीच रिक्षा करून शाळेत गेले. हेडसर मैदानात मंडप घालून घेत होते.

"सर, तुम्हाला बाहेरदेशातून फोन आला होता का?"

"आला होता ना!" हेडसर अभिमानानं म्हणाले. "चांगला धडा शिकवला! लांबलचक नंबर, बाई इंग्रजीत बोलतेय. म्हणे मंजुषा मॅडमबद्दल थोडी माहिती हवी. मी म्हटलं, कोण मंजुषा? मी नाही ओळखत! मग म्हणते, त्या तुमच्याकडे किती वर्षं आहेत? मी म्हटलं, बाई, तू कितीही गोड बोल, ओटीपी मिळणार नाही!"

मंडपवाला खांब धरून हसायला लागला.

"सर, ती माझी नोकरी होती."

हेडसरांचा चेहरा असा उतरला, की मलाच त्यांची दया आली. त्यांनी तिथंच, मांडवात उभं राहून परत फोन लावला. माफी मागितली. मग माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले, इतकं चांगलं बोलले, की पलीकडच्या बाईनं शेवटी विचारलं, "एवढ्या चांगल्या आहेत, तर तुम्ही त्यांना कायम का केलं नाही?"

हेडसर म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज तुटतोय!"

*

आणि शेवटची मुलाखत. खुद्द मुख्याध्यापिका घेणार होत्या. प्रश्न एकच उरलाय, असं आधीच कळवलं होतं: एक वर्ष की पाच? उत्तर त्याच वेळी हवं, कारण त्यावरून घर ठरवायचं.

आदल्या दिवशी मी सासूबाईंना परत विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. "वर्ष," त्या म्हणाल्या आणि मेथीची दुसरी जुडी घेतली. मी ठरवून टाकलं, की 'वर्ष' म्हणायचं, फोन ठेवायचा आणि मग नाही म्हणून मेल लिहायचा. समोरासमोर नाही म्हणायला जीभ उचलली नसती.

मुलाखत सकाळी अकराची. मी आतल्या खोलीत दार लोटून बसले. मुख्याध्यापिका साठीच्या, चष्म्याच्या, बोलायला फार मायाळू. त्यांनी डाव्या हातांची गोष्ट ऐकली होती, तीच परत सांगायला लावली, हसल्या. मग म्हणाल्या, "आता सांगा. आमच्याकडं किती दिवस राहणार?"

मी तोंड उघडलं, आणि गल्लीत एकच आरडाओरडा झाला. "आलं! आलं! अगं, आलं!" धडाधड दारं उघडली, बादल्यांचे आवाज, कुणीतरी जिन्यावरून धावत गेलं, तीन घरांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या.

बाई दचकल्या. "काय झालं? आग लागली का? तुम्ही आधी बाहेर पडा!"

"नाही नाही, मॅडम. पाणी आलंय."

"पूर आलाय?"

"नाही, नळाला. आमच्याकडं आठवड्यातून एकदा येतं. आज पाळी नव्हती, मध्येच आलं, म्हणून सगळे धावतायत."

बाईंनी चष्मा काढला. "आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस आम्ही वाट बघतो."

तेवढ्यात दार ढकलून सासूबाई आत आल्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले, हातात बादली. या खोलीतून बाल्कनीतल्या पिंपाकडं जायची त्यांची वाट. पडद्याकडं बघून थबकल्या.

"याच का त्या बाई?"

"हो, आई. तुम्ही जा ना, मी येतेच."

"थांब. त्यांना विचार, त्यांच्याकडं किती दिवसाआड येतं?"

"आई, मुलाखत चाललीय!"

"विचार म्हणते ना!"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. पण बाई उत्सुकतेनं बघत होत्या, म्हणून विचारलं. त्यांना प्रश्नच समजेना. मी दोन-तीन तऱ्हांनी विचारला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "आमच्याकडं येत वगैरे नाही. असतंच. समुद्राचं पाणी मशिनीनं गोड करतात आणि नळात सोडतात. तोटी उघडली की पाणी."

"काय म्हणतात?"

"त्यांच्याकडं पाळी नसते, आई. कधीही तोटी उघडायची."

"दुपारी?"

"दुपारीसुद्धा."

"सणासुदीला? पाहुणे आले तर?"

"केव्हाही."

बाहेर मोटार घरघरत होती. गल्लीतून कुणीतरी "काकू, पाइप लावा!" म्हणून ओरडत होतं. सासूबाईंनी बादली खाली ठेवली. पदरानं दोन्ही हात नीट कोरडे केले, पडद्यासमोर वाकून त्या बाईंना नमस्कार केला, आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मग वर्षाचं काय बोलत बसलीस? पाचाचं बोल!"